बॅगा जमवणाऱ्याची आवड कशी बदलत जाते: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी वाटाड्या

महागड्या हँडबॅगा जमवणाऱ्यांशी बोलत राहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांचा संग्रह आज मोठा आणि देखणा आहे, त्यांनी पहिली म्हणून हौसेने घेतलेली बॅग बहुधा त्या संग्रहात नसते. ती कधीच विकलेली असते, कुणाला तरी देऊन टाकलेली असते, नाहीतर कपाटाच्या मागच्या कप्प्यात पडून असते. बॅगेत खोट होती असं नाही. घेणाऱ्याची नजर बदलली.

ही आवड आधी डोळ्यांत असते. नाव, रंग, लोगो, कुणाच्या हातात पाहिली ते. मग ती खांद्यावर उतरते, म्हणजे वजन, पट्ट्याची लांबी, बॅग एका हाताने उघडते की नाही ते कळायला लागतं. शेवटी ती बोटांत येते आणि लेदरचा पोत, शिवणीचा ताण, कडेचा रंग या गोष्टींपुढे बाकीचं मागे पडतं. मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर कुणी पोचत नाही. पण प्रत्येक पायरीवर एकेक बॅग विकत घेऊनच शिकावं लागतं, असंही नाही. कुठली पायरी काय शिकवते हे आधी ठाऊक असलं तर बराच पैसा वाचतो, आणि आनंद वाढतो.

सुरुवातीलाच एक साधी वही करा. पुढे तिचा उल्लेख वारंवार येणार आहे.

पायरी १: नावाची ओढ लागते, लागू द्या, फक्त तिची चौकशी करा

लोगो पाहून बॅग आवडली म्हणून ओशाळण्याचं काही कारण नाही. लोगोही कुणीतरी विचार करूनच रेखाटलेला असतो. लुई व्हिटॉनचा मोनोग्राम १८९६ सालचा. त्याआधी १८८८ मध्ये त्यांनी चौकटीचं दामिए कापड काढलं होतं. दोन्हींमागे एक मोठं कारण नकलांचा त्रास हे होतं. आपल्या पेट्यांची नक्कल कुणाला सहज करता येऊ नये, म्हणून आधी चौकटी आल्या आणि मग फुलं-अक्षरांची नक्षी. आज जे मिरवण्याचं चिन्ह वाटतं, ते नकला रोखायला जन्मलं, हे कळलं की त्या नक्षीकडे पाहण्याची तऱ्हा बदलते.

वहीच्या पहिल्या पानावर आवडलेल्या बॅगांची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे आवडण्याचं कारण एका शब्दात टाका: नाव, आकार, रंग, लेदर किंवा व्यक्ती. प्रामाणिकपणे टाका. ‘व्यक्ती’ हे कारण बऱ्याच जणांच्या यादीत येतं आणि त्यात चूक काहीच नाही. एर्मेसच्या केली बॅगेला अभिनेत्री ग्रेस केलीचं नाव मिळालं, कारण १९५६ मध्ये तिने गर्भारपण झाकायला ती बॅग पुढे धरली आणि ते छायाचित्र जगभर गेलं. पण बॅग १९३०च्या दशकापासून बाजारात होती आणि ‘केली’ हे नाव तिला अधिकृतपणे १९७७ मध्ये मिळालं. लेडी डिओरचंही तसंच. १९९५ मध्ये ती राजकुमारी डायनाला भेट दिली गेली, तिने ती सतत वापरली, आणि मग बॅगेला आजचं नाव पडलं. प्रसिद्ध व्यक्ती बॅगेला नाव देते. बॅग घडलेली असते ती दुसऱ्याच कुठल्यातरी गरजेतून.

ती गरज शोधणं हा या पायरीवरचा खरा अभ्यास. लुई व्हिटॉनची नोए १९३२ मध्ये शॅम्पेनच्या पाच बाटल्या नेण्यासाठी बनली: चार उभ्या आणि मधे एक उलटी. म्हणूनच तिचं बूड गोलसर, ऐसपैस आहे आणि तोंड दोरीने आवळायचं. शनेलची २.५५ फेब्रुवारी १९५५ मध्ये आली, तेव्हा खांद्यावरच्या साखळीमुळे बाईचे दोन्ही हात मोकळे राहिले, ही तिची मोठी गंमत होती. बर्किन १९८४ची. विमानात शेजारी बसलेल्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किनने एर्मेसचे प्रमुख ज्याँ-लुई द्युमा यांच्याकडे, लहान मूल असलेल्या बाईचं सगळं सामान मावेल अशी धड बॅग मिळत नाही, अशी तक्रार केली आणि त्या बोलण्यातून ती आकाराला आली. बॅग मुळात कशासाठी होती हे कळलं की आपल्या कामाला ती येईल का, याचा अंदाज आपोआप येतो.

पहिली खरेदी करायचीच असेल तर वर्षानुवर्षं बनत आलेला नमुना घ्या. लुई व्हिटॉनची स्पीडी १९३० पासून बनते आहे. तिचा २५ सेंटीमीटरचा लहान आकार ऑड्री हेपबर्नच्या मागणीवरून निघाला. अशा नमुन्याची दुरुस्ती होते, जुन्या मालाच्या बाजारात भाव स्थिर असतो, आणि मन बदललं तर गिऱ्हाईक मिळतं. तुमचं मन बदलणार आहे. ते गृहीत धरूनच पहिली बॅग निवडा.

पायरी २: घेण्याआधी कागदाची बॅग करा

बॅगेची लांबी, रुंदी, उंची सगळीकडे दिलेली असते, पण आकड्यांवरून आकार डोळ्यांपुढे येत नाही. जाड पुठ्ठ्यातून त्याच मापाचा आयत कापा, आरशासमोर बगलेत धरा. २५ आणि ३० सेंटीमीटरमधला फरक कागदावर किरकोळ वाटतो, अंगावर तो फार मोठा असतो. मग पुठ्ठ्याच्या त्याच मापावर तुमचं रोजचं सामान मांडून पाहा: पाकीट, फोन, चष्म्याची डबी, किल्ल्या, पाण्याची बाटली. जे बाहेर राहतं, ते रोज दुसऱ्या पिशवीत न्यावं लागेल.

पट्ट्याचं मापही दोरीने घेता येतं. खांद्यापासून बॅगेच्या तोंडापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. जाड कोट घातल्यावर ते अंतर पुरतं का, हे जरूर बघा. उन्हाळ्यात घेतलेली आखूड पट्ट्याची बॅग थंडीत खांद्यावर चढतच नाही, असं पुष्कळदा होतं.

पायरी ३: वापरा, आणि वापराची नोंद ठेवा

पहिलं वर्षभर नवीन बॅग घेऊ नका. आहे ती वापरा. इथे आवड डोळ्यांतून खांद्यावर येते.

रिकामी बॅग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वजन वहीत लिहा. मग भरून पुन्हा तोला. वजनाने किती बॅगा हरल्या याला गणती नाही. क्लोएची पॅडिंग्टन २००५ मध्ये अतिशय गाजली; तिच्या पुढ्यात एक भलंमोठं कुलूप होतं आणि ते कुलूपच इतकं जड की रिकामी बॅगही हाताला जाणवायची. तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनी नंतर ती कपाटात ठेवली, ती बहुतेक याच कारणाने. साखळीच्या पट्ट्याच्या बॅगाही लहान दिसतात, पण धातूचं वजन असतंच आणि अरुंद साखळी खांद्यावर रुतते.

दुसरी नोंद उघडण्याची. केलीचे दोन पट्टे फिरकीच्या खिळीत अडकवून मग बॅग बंद होते. त्याला दोन्ही हात लागतात आणि बॅग कुठेतरी टेकवावी लागते. बर्किनची रचनाही तशीच, म्हणून रोज वापरणारे ती सरसकट उघडीच ठेवतात. फिरकीच्या कुलपाची झाकणाची बॅग एका हाताने उघडते पण तिचं तोंड अरुंद असतं. झिपची बॅग सुरक्षित, पण झिपच्या दात्यांवर मनगट घासतं. यातलं तुम्हाला काय सोसवतं, हे दुकानात पाच मिनिटांत कळत नाही. गर्दीत, पावसात, एका हातात फोन असताना कळतं.

महिन्याच्या शेवटी कुठली बॅग किती वेळा बाहेर पडली, ते लिहा. हा आकडा तुमच्या तोंडी मतापेक्षा जास्त खरं बोलतो. ‘माझी सगळ्यात लाडकी’ म्हणून सांगितलेली बॅग महिनाभर हलली नसेल तर तुमचं प्रेम तिच्या दिसण्यावर आहे. तेही प्रेमच, पण मग पुढची त्याच धाटणीची घेताना ते लक्षात असू द्या.

पायरी ४: फॅशनची लाट येईल, तिला भरती-ओहोटी असते हे ओळखा

वर्ष-दीड वर्षात प्रत्येक नवशिका एखाद्या लाटेत सापडतो. सगळीकडे एकच बॅग दिसते आणि ती आपल्याकडे नाही याची रुखरुख लागते. या लाटांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. सिल्व्हिया व्हेंतुरिनी फेंडी यांनी १९९७ मध्ये बगेट काढली. बगलेत घट्ट बसणारी, आखूड पट्ट्याची ती लहान बॅग शेकडो रंगांत आणि कापडांत निघाली. पाठोपाठ जॉन गॅलियानोची डिओर सॅडल आली, २००१ मध्ये निकोला गेस्किएरची बालेन्सियागा सिटी आली, २००३ मध्ये जपानी चित्रकार ताकाशी मुराकामींनी लुई व्हिटॉनचा मोनोग्राम पांढऱ्या-काळ्या जमिनीवर रंगीबेरंगी करून टाकला. प्रत्येकीच्या वाट्याला आधी रांगा, मग अतिपरिचय, मग कंटाळा आला. आणि मग पुनरागमन: सॅडल २०१८ मध्ये परत आली, मुराकामींचे रंग २०२५ मध्ये. प्राडाचा काळा नायलॉन तर १९८४ च्या पाठपिशवीपासून कितीदा तरी आत-बाहेर झाला आहे.

माझं मत असं की लाटेतली बॅग वाईट असतेच असं नाही. बगेट आजही हाताखाली अतिशय सुखाने बसते. सिटीच्या बाहेरच्या अंगाला मुळात लोगोच नव्हता. पातळ, मऊ लेदर, खिळे आणि लोंबणाऱ्या वाद्या यांवर ती ओळखली जायची. लाट ओसरल्यावरही ज्या बॅगेचा आकार डोळ्यांना खुपत नाही, ती रचना म्हणून चांगली होती असं समजावं. म्हणून लाटेतली बॅग आवडली तर वहीत तारखेसह लिहा आणि ऋतू बदलेपर्यंत थांबा. तोवर इच्छा टिकली तर ओहोटीच्या वेळी, वापरलेल्या मालात शोधा, पण पायरी ८ पर्यंत पोचल्यावरच. भरतीत भाव चढा असतो आणि निवडायला कमी असतं. ओहोटीत दोन्ही उलट.

पायरी ५: लेदर वाचायला शिका

इथून बोटांचं शिक्षण सुरू होतं आणि मला ही पायरी सगळ्यांत जास्त आवडते. इथे घाई करू नका. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. दुकानात, ओळखीच्यांकडे, जुन्या मालाच्या ठिकाणी हात लावायला मिळाला की पुरे.

आधी एक गैरसमज दूर करू. स्पीडीचं अंग लेदरचं नाही. ते सुती कॅनव्हास आहे, वरून विनाइलचा थर दिलेला. गोयार्दचं गोयार्दिन हेही लेप दिलेलं कापडच. ते पावसाला घाबरत नाही आणि सहज ओरखडत नाही, म्हणूनच प्रवासी सामानासाठी ते निघालं. स्पीडीवरचं लेदर म्हणजे मुठी, कडा आणि पट्ट्या. आणि तेच जवळून बघण्यासारखं आहे.

त्या लेदरला वाशेटा म्हणतात. झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेलं, वरून रंग किंवा संरक्षक लेप न दिलेलं गाईचं कातडं. नवं असताना ते जवळजवळ त्वचेच्या फिक्या रंगाचं, कोरडं, थोडं खरखरीत असतं. पाण्याचा एक थेंब पडला तरी गोल डाग उमटतो. ऊन, हवा आणि हाताचं तेल लागत गेलं की ते आधी लोण्यासारखं पिवळसर होतं, मग मधाच्या रंगाचं, मग गडद तपकिरी. एखादी जुनी स्पीडी हातात घेतली तर मुठीच्या वरच्या कमानीत, जिथे बोटं वळतात तिथे, रंग सर्वांत गडद आणि पृष्ठभाग चकचकीत झालेला दिसतो. मुठीच्या बुडाशी, जिथे हात पोचत नाही, तिथे तो अजून फिका असतो. मालकीण बॅग कशी धरत होती हे त्या रंगावरून सांगता येतं. काहींना हा बदल म्हणजे मळ वाटतो, काहींना ती बॅगेची कमाई वाटते. तुम्हाला काय वाटतं ते शोधा, कारण पुढची निम्मी निवड त्या एका उत्तरावर ठरते.

बदल नको असेल तर एप्सम किंवा साफियानो तुमच्या कामाचं. एप्सम हे एर्मेसचं, दाबाखाली बारीक कण उठवलेलं, हलकं आणि ताठ. आकार धरून राहतं. साफियानो प्राडाने प्रसिद्ध केलं. त्यावर तिरक्या रेघांची जाळी दाबलेली असते, त्यामुळे ओरखडे लपतात. बदल हवा असेल तर बॉक्स काफ, म्हणजे वासराचं गुळगुळीत लेदर बघा. त्यावर नख लागलं तरी रेघ उठते, पण वर्षानुवर्षं हाताळून ती तुळतुळीत चमक येते, ती दुसऱ्या कशाला येत नाही. मधली वाट म्हणजे एर्मेसचीच टोगो आणि क्लेमाँस ही लेदरं. दोन्ही दाणेदार. टोगो जरा ताठ उभं राहतं. क्लेमाँस जड आणि लवचिक असल्याने बॅग खाली बसते, सैलावते. शनेलमध्ये हाच पेच कोकराचं लेदर की कॅव्हियार असा पडतो. कोकराचं इतकं मऊ की पहिल्याच स्पर्शात माणूस विरघळतो, आणि तितक्याच सहज त्यावर ओरखडा येतो. कॅव्हियार म्हणजे दाणेदार वासराचं लेदर, वर्षानुवर्षं टिकतं.

सराव असा करा. अंगठा लेदरवर हलकेच दाबा आणि बाजूच्या सुरकुत्या बघा. चांगल्या, फारसा लेप न चढवलेल्या लेदरवर बारीक, विखुरलेल्या सुरकुत्या उठतात आणि अंगठा काढल्यावर विरतात. जाड लेप असेल तर पृष्ठभाग एकसंध दबतो, प्लास्टिकसारखा. मग वास घ्या. मग कोपरे बघा, कारण झीज आधी तिथे दिसते. डोळे मिटून दोन बॅगांमधला फरक बोटांनी सांगता येऊ लागला की ही पायरी पार झाली.

पायरी ६: शिवण, कड आणि धातू

एर्मेसचा धंदा १८३७ मध्ये घोड्यांच्या साजापासून सुरू झाला आणि त्या साजाचा टाका अजून त्यांच्या बॅगांत आहे. मेणवलेला लिननचा एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात आणि कारागीर दोन्ही हात बाजूला ओढून टाका आवळतो. त्यामुळे प्रत्येक टाका दोनदा धरलेला असतो. एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू धरून ठेवते आणि शिवण उसवत नाही. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण पुढे सुटत जाऊ शकते. हाताचा टाका किंचित तिरका बसतो, आणि बारकाईने पाहिलं तर सगळे टाके अगदी हुबेहूब नसतात. घोड्यावरच्या माणसाचा जीव ज्या शिवणीवर अवलंबून होता, तीच शिवण आज हातातल्या बॅगेला आहे, हे मला दरवेळी नव्याने भावतं.

म्हणून मशीनची शिवण कमअस्सल ठरते असं नाही. बहुतेक उत्तम बॅगा मशीनवरच शिवल्या जातात. तिथे बघायचं ते टाक्यांची समान लांबी, कोपऱ्यावर शिवण वळताना ती चुकली आहे का, आणि दोरा लेदरमध्ये रुतला आहे की वर तरंगतो आहे.

कडेकडे फार थोडे लोक बघतात, पण झीज वाचायची तर तिथेच. लेदरचे थर एकत्र चिकटवून कड घासतात, रंग किंवा मेण देतात, वाळवतात, पुन्हा घासतात. घाईने केलेल्या कडेचा रंग जाड, रबरासारखा दिसतो आणि जिथे पट्टा वळतो तिथे आधी तडकतो. वापरलेली बॅग घेताना पट्टा हलकेच वाकवा आणि वळणावरची कड बघा.

बोत्तेगा वेनेता १९६६ मध्ये व्हिचेन्झाजवळ सुरू झाली. तिच्या विणीला, इंत्रेच्चातोला, हाच न्याय लावावा. लेदरच्या पट्ट्या एकमेकींत विणलेल्या असतात; कोपऱ्यावर वीण कशी वळवली आहे आणि तिथे पट्ट्या सैल झाल्या आहेत का, ते बघा.

धातूचं थोडक्यात. मुलामा घासून गेला की खालचा धातू उघडा पडतो. कुलपाची कड, साखळीच्या कड्या आणि बुडाच्या गुंड्या तपासा. शनेलच्या साधारण २००८ पर्यंतच्या सोनेरी धातूवर २४ कॅरट सोन्याचा मुलामा असे, त्यामुळे त्या काळातल्या बॅगांना मागणी जास्त आहे. झिप सात-आठ वेळा चालवून बघा. अडखळणारी झिप सहसा स्वतःहून सुधारत नाही.

पायरी ७: लोगो लहान होत जातो, निदान काही काळ

बोटं शिकली की नजर बिनलोगोच्या बॅगांकडे वळते. बोत्तेगा, फिबी फायलोच्या काळातलं सेलीन, १८२९ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेलं देल्व्हो, जोनाथन अँडरसनने २०१५ मध्ये लोएवेसाठी केलेली पझल. पझल बघण्यासारखी आहे: लेदरचे भौमितिक तुकडे असे जोडले आहेत की सगळी बॅग घडी होऊन सपाट होते.

या टप्प्यावर काही जणांना आपल्याला बढती मिळाल्यासारखं वाटतं आणि मोनोग्राम वापरणाऱ्यांकडे ते जरा वरून बघायला लागतात. तसं करू नका. बिनलोगोची बॅगही माहितगारांत ओळखली जातेच. शिवाय, पुष्कळ जुने संग्राहक सगळं करून परत आपल्या पहिल्या मोनोग्रामकडे येतात, कारण आता त्यांना त्यातली १८९६ची नक्षी दिसते आणि मुठीवरचा मधाचा रंग दिसतो. वहीतल्या पहिल्या पानावरच्या यादीपुढे आता नव्याने कारणं लिहा. तेच नाव, पण कारण बदललेलं असेल. कुठे कुठे सगळं नावच खोडावंसं वाटेल.

पायरी ८: जुन्या मालात उतरताना

वापरलेल्या बॅगा इथूनच घ्याव्यात, आधी नाही. बोटं तयार नसताना या बाजारात उतरणं म्हणजे सर्वस्वी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणं.

अस्सलपणा एका खुणेवर ठरवू नका. शनेलच्या बॅगांत १९८०च्या दशकापासून क्रमांकाची चिठ्ठी असे, लुई व्हिटॉनच्या बॅगांत तारखेचा संकेत असे. दोघांनीही २०२१ मध्ये त्याऐवजी चिप बसवायला सुरुवात केली. त्यामुळे नव्या बॅगेत जुना क्रमांक दिसला तर सावध व्हावं, आणि जुन्या बॅगेत क्रमांक बरोबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये; क्रमांकाचीही नक्कल होते. शिवण, कड, ठशाची अक्षरं, धातूचं वजन, अस्तराचा रंग, हे सगळं एकमेकांशी आणि त्या सालाशी जुळतं का, ते बघायचं. मोठ्या रकमेची खरेदी असेल तर स्वतंत्र तपासनीसाकडून दाखला घ्या. विक्रेत्याने स्वतः दिलेला दाखला वेगळा.

छायाचित्रं मागताना नेमकी मागा: चारही कोपरे, बूड, मुठींची बुडं, पट्ट्याचं वळण, कुलपाची आतली बाजू, ठसा, आतल्या खिशांचं अस्तर. शेवटचं विसरू नका. १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या पुष्कळ बॅगांच्या खिशांना कृत्रिम लेप दिलेलं अस्तर असे आणि ते काळाबरोबर चिकट होऊन सोलतं. बाहेरून झकास, आत हात घातला की बोटांना चिकट भुगा. अस्तर बदलता येतं, पण तो खर्च भावातून वजा करूनच बोला. आणि वास विचारा. बुरशीचा आणि धुराचा वास छायाचित्रात येत नाही, आणि तो सहजी जातही नाही.

मगर, अजगर अशा कातड्यांच्या बॅगांना साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. त्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायच्या किंवा न्यायच्या तर परवान्याची कागदपत्रं लागू शकतात. कागद नसलेली बॅग सीमेवर जप्त होण्याची भीती असते. भाव ठरवण्याआधी कागद मागा.

झिजेबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात जेन बर्किनची मूळ बर्किन सुमारे ८६ लाख युरोंना गेली. ती नवीकोरी नव्हती. तिने ती खूप वापरली होती, तिच्यावर स्टिकर लावले होते, त्यांच्या खुणा लेदरवर उरल्या होत्या आणि पट्ट्याला नेलकटर लटकत होतं. हा एका बॅगेचा अपवाद आहे, त्यावरून गुंतवणुकीचे मनसुबे रचू नका. बहुतेक बॅगा घेतल्या भावाखालीच विकल्या जातात. पण वापराच्या खुणा हा नेहमी दोषच असतो, हे मत मात्र सोडून द्यायला हरकत नाही.

पायरी ९: कमी करा

संग्रह वाढत असताना आवड ढोबळ असते, कमी करताना ती टोकदार होते. वहीतल्या वापराच्या नोंदी काढा. दोन बॅगा एकच काम करत असतील तर एक जाऊ द्या, आणि कुठली जाऊ द्यायची ते ठरवताना किंमत विसरा. दोन्ही एकेक आठवडा वापरून बघा. ‘एक आली की एक गेली’ हा नियम लोक सुचवतात. मला तो फार यांत्रिक वाटतो. त्यापेक्षा संग्रहाला एक धागा शोधावा. कुणाचा धागा एका दशकाचा असतो, कुणाचा एका लेदरचा, कुणाचा एका आकाराचा. फक्त झाकणाच्या बॅगा, फक्त विणलेल्या, फक्त एकाच रचनाकाराच्या काळातल्या. धागा सापडला की नको त्या खरेद्या आपोआप गळतात.

विकण्याआधी बॅगेवर पॉलिश, रंग, घरगुती तेल असलं काही लावू नका. जाणता गिऱ्हाईक खऱ्या झिजेला भाव देतो, झाकलेल्या झिजेला देत नाही.

राखण

बॅग उभी ठेवा. आत साधा पांढरा टिश्यू कागद किंवा मऊ कापड भरा. छापील कागद नको, शाई उतरते. ठासून भरू नका, शिवणींवर ताण येतो. साखळी बाहेर लोंबत राहिली तर लेदरवर कायमचा वळ उठतो, म्हणून ती कापडात गुंडाळून आत ठेवा. वरून सुती पिशवी घाला. प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या लेदरला हवा मिळत नाही आणि दमट दिवसांत बुरशी धरते. पेटंट, म्हणजे चकचकीत लेपाच्या लेदरच्या दोन बॅगा एकमेकींना चिकटून ठेवू नका, रंग एकीवरून दुसरीवर जातो आणि तो बहुधा निघत नाही. गडद निळ्या जीन्सवर फिक्या रंगाची बॅग टेकवण्याबाबतही तेच.

बॅग भिजली तर कोरड्या मऊ कापडाने टिपा, घासू नका, आणि ऊन किंवा हिटरपासून दूर, आपल्या गतीने वाळू द्या. लेदरचं क्रीम लावायचं तर आधी बुडाशी, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी रंग बघा. वाशेटाला आणि कोकराच्या लेदरला मात्र तज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही लावू नका. महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक बॅग पिशवीतून बाहेर काढा, उघडून हवा लागू द्या, कुलूप-झिप चालवून बघा, आणि काही बदल दिसला तर तारखेसह वहीत लिहा.